हा नव्हे

माझ्या नावाचा अर्थ तसा सोपा आहे.
एने म्हणजे हा, बिश म्हणजे नव्हे.
एनेबिश.
दालानझादगादच्या नोंदणी कचेरीतली मुलगी
पडद्याकडे बघत म्हणाली,
या नावाचे अख्ख्या तालुक्यात तुम्ही एकटेच.
गेल्या तीस वर्षांत कुणी ठेवलेलं दिसत नाही.

कोण ठेवेल, बाई?

माझ्याआधी दोघे होते.
त्यांची नावं भारदस्त होती,
एकाच्या नावात पोलाद, दुसऱ्याच्या नावात सूर्य.
पोलाद अकरा दिवस टिकलं.
सूर्याने एक उन्हाळा पाहिला.
मग ज्या हिवाळ्यात मेंढ्या उभ्याउभ्या गोठल्या
त्या हिवाळ्यात मी.
आईने दोन दिवस मला कुठलीच हाक मारली नाही.
तिसऱ्या रात्री मामा आला,
कधीकाळी मठात होता, आता सरकारी गोदामात लोकर मोजायचा.
दार आतून दोरीने बांधून घेतलं त्याने
आणि माझ्या कानात तीनदा म्हणाला,
हा नव्हे
हा नव्हे
हा नव्हे.
आईने चुलीची काजळी बोटावर घेतली,
माझ्या नाकाच्या शेंड्याला टेकवली.
जे यायचं ते तंबूत येईल, वाकून बघेल,
विचारेल, हाच ना तो?
आणि आमच्यापैकी कुणीही खरंच सांगेल.

आलं असेल तर माघारी गेलं असणार.
सेहेचाळीस वर्षं झाली,
एक गुडघा सोडला तर माझं काही दुखत नाही.

शाळेत काच फुटली की बाई विचारायच्या, कुणी फोडली?
सगळी पोरं एका सुरात, एनेबिश!
मी त्यातच अडकायचो
आणि त्यातच सुटायचो.

ओयूनझूलच्या आजीने तिला विचारलं होतं,
एवढ्यांत तुझ्या मनात नेमका कोण?
एनेबिश.
बरं, हा नव्हे. मग कोण?
हे आमच्या लग्नात दर पेल्याला कुणीतरी सांगितलं.

पोरगा झाला तेव्हा मी सीमेवर,
कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत, चौथा दिवस.
मागचेपुढचे ड्रायव्हर खाली उतरून नावं सुचवायला लागले,
गरुड, वज्र, कुणाच्या पणज्याचा घोडा.
ओयूनझूलचं मात्र आधीच ठरलं होतं.
त्येमूलेन. पुढे झेपावणारा.
या महिन्यातला हा नववा त्येमूलेन, कचेरीतली मुलगी म्हणाली,
वेगळं काही बघता का?
ओयूनझूल म्हणाली, नको.
गर्दीत राहू दे त्याला.
नऊ जणांत शोधणाऱ्याचीही दमछाक होते.

मी काही बोललो नाही.
माझ्या आईनेही हेच केलं होतं,
फक्त तिच्याजवळ गर्दी नव्हती.

दाखल्यावर आधी बापाचं नाव येतं,
पण रोजच्या वापरात त्याचं एकच अक्षर उरतं.
ए. त्येमूलेन.
मी त्या अक्षराकडे बराच वेळ बघत राहिलो.
नव्हे गेलं होतं.
हा मधलंही अर्धंच राहिलं होतं,
पुढे एक टिंब,
शेळीच्या लेंडीएवढं.

आईला आता नीट दिसत नाही.
तिच्या मांडीवर पोर ठेवलं
तर हातांनी त्याचे कान चाचपून म्हणाली,
हाच का?

एने, मी म्हणालो.

ती थांबली,
उरलेल्या अर्ध्यासाठी.
मी तो दिला नाही.

मग तिचं बोट हवेत चूल शोधायला लागलं.
चौथ्या मजल्यावर चूल कुठली,
भिंतीला गरम पाण्याचे नळ आहेत.
ओयूनझूलने माझ्याकडे बघितलं.
मी खाली गेलो, ट्रकच्या मागच्या फळीवर बोट घासलं,
आणि ते काळं बोट कुठेही न लावता
चार जिने वर घेऊन आलो.