पवित्रा

कावशुंगच्या गोदीमागे, पहाटे पाचला,
लिआव म्हणतो, बैठक खोल हवी,
मांड्या थरथरल्या की समजावं, मुळं धरताहेत.
श्वे म्हणतो, मुळं झाडाला असू देत,
माणसाला पळता आलं पाहिजे.

एकवीस वर्षं हेच.
मनगटाला मनगट टेकवून दोघं फिरतात,
एका खुंट्याला दोघींनी हात लावून
जातं ओढावं तसे.
पीठ काही पडत नाही.

मध्येच श्वे रेटतो. लिआव ढिम्म.
"बघ!"
"मी ढकललंच कुठे? नुसतं विचारलं."

मी नवखा. मला दोघंही पाडतात,
एक सांगून, एक न सांगता.
जमीन सारखीच लागते.

मंगळवारी कॉलेजातली एक पोर आली,
कान मोडलेले, कुस्तीतले.
"आजोबा, मी पण?"
दोन श्वासांत दोघं गवतावर.
तिनंच उठवलं, चपला शोधून दिल्या,
आणि तासाला उशीर झाला म्हणून पळाली.

लिआव पँट झटकत म्हणाला,
बैठक साफ चुकीची होती तिची.
श्वे म्हणाला, आणि ढकललं तरी कुठे तिनं!

पहिलं एकमत.
थर्मासच्या एकाच झाकणातून चहा प्याले.
पण गुडघा बोटांच्या पुढे गेला होता का,
यावर लिआव आत्ताच काहीतरी पुटपुटतोय.