ताणा

नकाशावर लोड्झ, आमच्या तोंडी वूच.
अर्थ होडी; नदी मात्र गिरणीवाल्यांनी
केव्हाच फरशीखाली लोटली.
तिच्यावरच कुठेतरी आमची प्रयोगशाळा,
दुसरा मजला. रेडिएटर अर्धाच तापतो.

मेणाच्या ठोकळ्यातून केसाहून पातळ काप काढायचा,
कोमट पाण्यावर तरंगू द्यायचा,
काचेवर अलगद उचलून घ्यायचा.
बावीस वर्षं हेच.
जांभळा आणि गुलाबी, या दोन रंगांत
मी बायका वाचत आले.

पूर्वी फक्त जांभळं बघायचे:
पेशी किती, किती वेड्यावाकड्या, किती दुभंगताना.
गुलाबी म्हणजे मधला भराव,
नाजूक सामान पाठवताना खोक्यात कोंबतात तो पेंढा.
पेंढ्याकडे कोण बघतं?

मग खालच्या मजल्यावर एक लेझर आला,
त्याला रंग लागत नाही.
अंधारात कोलॅजेन आपणहून उजळतं.
निरोगी जागी ते कुरळं,
उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीसारखं,
सैल, तरी जुनी वळणं न विसरलेलं.
गाठीभोवती ते आवळत जातं.
आणि काही जणींत, सगळ्यांत नाही,
धागे ताठ होतात,
गाठीच्या काठाशी काटकोन करून उभे राहतात.
त्यांच्यावरून एकेक पेशी
बाहेर निघालेली असते.
एकामागे एक. घाई नसल्यासारखी.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात.
इतक्या काचा पाहिल्या,
आधी कोण फिरलं ते मला अजून सांगता येत नाही.
धागे ओढत बसलेल्या पेशी
एरवी जखम भरायला धावून येणाऱ्या.
इथे जखम नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.
मन लावून काम करत असतात बिचाऱ्या.

लेओकाद्या प्येत्शाक, वय एकाहत्तर,
एकतीस वर्षं मागावर.
त्या गिरणीत आता बुटांची दुकानं.
तिने अर्ज केला: माझी काच मला बघायची आहे.
असा अर्ज कुणी करत नाही, म्हणून
नाही म्हणायचा नियमही सापडेना.

आली. ओला कोट काढला नाही.
मागांच्या खडखडाटात कान गेलेले, ओठ वाचते,
स्वतः बोलते ती अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं.
पडद्यासमोर बसली आणि बराच वेळ गप्प.
मग अंगठ्याचं नख टेकवून
धागे मोजायला लागली, इंचाला किती.

‘इथे ताणा जास्त ओढलाय.
माग कुणी लावला होता?’

कुणी नाही, मी म्हणाले.

‘असं कसं? ताण आपोआप येत नाही, डॉक्टर.
सूत वाईट नाही हे. सूत चांगलंय.’

मग एक बोट जांभळ्या चित्रावर,
एक उजळ धाग्यांवर:
‘आंघोळीत हाताला लागलं, खड्यासारखं,
ते हे की ते?’

कडकपणा बराचसा धाग्यांचा, मी म्हणाले.

‘म्हणजे मी माझ्याच कापडाला घाबरले,’
आणि हसली. मिरोस्लाव्हने
शेजारच्या खोलीतून डोकावून पाहिलं.

माझ्या अहवालात रकाने आहेत:
आकार, प्रत, कडा, काखेतल्या गाठी.
धागे कोणत्या दिशेला उभे, त्याला रकाना नाही.
पण तिने तेच विचारलं.
‘ही बाहेर चाललेली रांग,
ही कुठवर गेली?’

मी उत्तर दिलं, खिडकीकडे बघत.
खाली पार्किंगमध्ये कुणीतरी
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतं.
ती ओठ वाचते हे माझ्या लक्षात होतं.

तिने माझ्या बाहीचं टोक चिमटीत धरलं,
कापड पारखावं तसं दोन बोटांत चोळलं,
आणि मला आपल्याकडे वळवलं.