निळी नाडी

विक्रोळीला, कन्नमवार नगरात, दूध केंद्राच्या बाजूला
मेणकापडाखाली गवारेकाका बसतात.
त्यांच्यापुढे मी बूट ठेवले.
ते काही बोलले नाहीत,
कपाळावरचा चष्मा तेवढा खाली घेतला.

उजव्या बुटाचा सोल सुटलेला,
उन्हात कुत्र्यानं तोंड उघडावं तसा.
त्याच्याभोवती निळ्या नाडीचे तीन वेढे
आणि टाचेमागे गाठ.

‘ही कोणी मारली?’

मार्तानं, म्हणाले.
मार्ता म्हणजे ग्राझला माझ्या मजल्यावर राहायची ती,
भांड्यांवरचा साबण न विसळता तशीच पुसायची,
आणि शुक्रवारी कुणालाही न विचारता
चौघांची बसची तिकिटं काढून आणायची.

एवढं सगळं सांगितलं नाही.
हेही नाही की ओग्न्येन अख्खी चढण
उकडलेली अंडी सोलत चालला होता, टरफलं खिशात;
की जूनमध्ये उरलेला बर्फाचा मळका पट्टा दिसला
तेव्हा सेलाम त्यावर तळहात टेकून आकडे मोजत बसली,
तिच्या भाषेत, बहुतेक सत्तरपर्यंत,
आणि मग लाल झालेला हात आम्हाला दाखवत फिरली.

रात्री वरच्या मुक्कामघरात
सोळा जणांना झोपायला एकच लांब फळी.
माझ्या शेजारी एक अनोळखी म्हातारा.
त्याचं घोरणं दर चार श्वासांनी थांबायचं,
अगदी अण्णांसारखं.
पुढचा श्वास येईपर्यंत मी जागी.
आला की पुन्हा मोजायला सुरुवात.

अण्णांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.
मी आले नव्हते.

रविवारी उतरताना धुकं, आणि त्यात हा सोल निघाला.
मी दगडावर बसून रडायला लागले.
बुटासाठी कुणी एवढं रडत नाही,
तिघांनाही ते कळलं असणार.
ओग्न्येननं शेवटचं अंडं माझ्या हातात दिलं.
मार्तानं स्वतःच्या जॅकेटच्या टोपीतली नाडी ओढून काढली,
गुडघे चिखलात टेकून तीन वेढे दिले,
टोक दातांत धरून गाठ आवळली.
पुढचे चार तास तिची टोपी वाऱ्यानं मागे पडत राहिली,
केस भिजत राहिले.
खाली बस येईपर्यंत ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

‘डोंगर केवढा?’ काकांनी विचारलं.
एकवीसशे मीटर.
त्यांनी मनात काहीतरी ताडून पाहिलं.
‘म्हणजे आमच्या कळसूबाईहून मोठा.’
काका मूळ बारीचे. ‘आम्ही अनवाणी चढायचो,’ म्हणाले,
बढाई नाही, नुसती माहिती.

आरीच्या टोकानं त्यांनी सोलच्या खाचेतून
एक पांढरा खडा काढला, ऐरणीवर ठेवला.
‘नाडी कापू?’
हो म्हणाले. मग नको म्हणाले.

वीस मिनिटं लागली.
तुटकी चप्पल हातात घेऊन एक जण
तोवर एका पायावर उभा, घड्याळ बघत.
काका आरी आत सारायचे, थोडी फिरवायचे,
पुन्हा चष्म्याची काच पुसायचे.
सुटली तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, ‘बाई हुशार आहे.’

सोलचे दोनशे ऐंशी झाले.
गाठीचे?
‘गाठीचे काय घ्यायचे? बघायला मिळाली.’

नाडी मुठीत घेऊन घरी आले.
बोटांनी कितीही सरळ केली
तरी वेढ्यांची वळणं तिच्यात तशीच.
खडा तिथेच ऐरणीवर राहिला,
जिन्यात आठवलं.

आईनं पिशवीत डोकावून पाहिलं.
‘हे इथे कुठे घालणार तू?’
बघू, म्हणाले.

दाराशी अण्णांच्या चपला अजून आहेत.
रोज त्यांच्याभोवतीनं केर काढला जातो.
त्या भिंतीकडे जराशा सरकवल्या
आणि बूट शेजारी ठेवले.
आई बघत होती. काही म्हणाली नाही.