बारा पूर्णांक सहा

रात्री दोनला फ्रिज गप्प झाला.
त्याआधी गॅसचा अलार्म तीनदा चिवचिवला,
मग तोही.
बाहेर ॲरिझोनाचं वाळवंट, उणे तीन,
आत आम्ही दोघं एका रजईत
युटामधल्या त्या पेट्रोलपंपापासून
अबोला धरलेले.

चौथा दिवस होता.
आर्ने म्हणाला होता, मूस जॉचं घर विकून टाकू,
आता ही सहा चाकं हेच घर.
मी काहीच म्हणाले नव्हते.
ते त्याला फार लागलं.

त्याने चाचपडत मीटर काढला.
मी कपाळाला टॉर्च बांधला.
"तू टोकं लाव, मी आकडे वाचतो,"
चार दिवसांतलं पहिलं वाक्य, तेही मीटरकडे बघून.

फ्यूज एकेक उपटून उजेडात धरले
किडका दात बघावा तसे.
सतराच्या सतरा शाबूत.
मग बॅटरीवर: लाल इकडे, काळं तिकडे.
"बारा पूर्णांक सहा."
म्हणजे बॅटरी ठणठणीत.
मग फ्यूजपाशी: लाल फ्यूजला, काळं चासीला.
"एक पूर्णांक दोन."
"नीट वाच."
"नीटच वाचतोय."

घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना.
तेवीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस
थंडीने थरथरत म्हणाला,
"आता काळं बॅटरीच्या निगेटिव्हला. लाल चासीला."
मी लावलं.
"अकरा पूर्णांक चार."
आणि मग अगदी हळू,
जणू वर्गातलं मागच्या बाकावरचं पोर
एकदाचं बरोबर उत्तर देऊन बसलं,
"इथे शून्य हवं होतं, ग्रेटा.
वीज जाते आहे. परत यायला तिला वाट नाही."

त्याच्या गुडघ्यात स्टील आहे,
म्हणून गाडीखाली मी गेले.
गोठलेली वाळू पाठीला,
तोंडात टॉर्च, हातात तेरा नंबरचा पाना.
बोल्ट बोटानेही फिरत होता:
ग्रँड कॅन्यननंतरचा तो खडबडीत रस्ता.
पण खरी गोष्ट बोल्टच्या खाली होती.
गंज नव्हता.
रंग होता.
ऑक्टोबरात आमच्याच अंगणात
आर्नेने चासीला दिलेले काळ्या रंगाचे दोन हात,
गंज चढू नये म्हणून.
बोल्ट काढला, रंग लावला,
आणि रंगावरच परत बसवला.
मला आठवलं, तेव्हा मी खिडकीतून
त्याला कॉफी दाखवत होते
आणि तो नाकाला काळा ठिपका घेऊन हसला होता.

खिशातली नखांची कानस काढली.
घासत राहिले,
रुपयाएवढं पोलाद चमकेपर्यंत.
मग बोल्ट आवळला. अजून एक फेरा. अजून अर्धा.

वर पंप खाकरला.
फ्रिज कुरकुरत जागा झाला.
गाडीच्या खिडकीतून पिवळा उजेड वाळूवर पडला
आणि त्यात माझे पाय दिसले,
आर्नेचे मोजे घातलेले.

"काय होतं?"
"बोल्ट सैल होता."
हे खोटं नव्हतं.
घराचं कोणीच काही बोललं नाही.

मी हात धुतले, दूध ओतलं,
तरी तो बॅटरीपाशी ओणवाच, दार उघडं टाकून,
सगळी थंडी आत घेत,
"बारा पूर्णांक सहा,"
कुणी विचारलं नसताना म्हणाला.
"पुन्हा वाच," मी म्हटलं.