खाटा

पहिली खाट निकोलोझच्या घरातली.
नकाशे काढणारा कुणी साहेब घोड्यावरून पडला,
मांडीचं हाड मोडलं, महिनाभर तिथंच पडून राहिला.
झऱ्याचं लोखंडाच्या चवीचं पाणी प्यायला,
बरा झाला, आणि ते शहरात जाऊन सांगत सुटला.
फलकावर एवढंच लिहिलंय, दोन भाषांत.
माझी सासू म्हणायची, पाण्यानं कसलं?
हाड निकोलोझच्या बायकोनं बसवलं.
तिचं नाव सासूलाही आठवत नव्हतं.

मग दर उन्हाळ्यात खोकणारी माणसं येऊ लागली,
बैलांच्या घसरगाडीतून, आपापल्या रजया घेऊन.
गोठ्याला खिडकी पाडली की खोली व्हायची.

रेल्वे कामगारांचं आरोग्यधाम झालं तेव्हा
तीनशे खाटा आल्या ट्रकांतून,
पांढऱ्या, लोखंडी, प्रत्येकीच्या पायावर आकडा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
आम्ही आधी पाय पसरले;
अंथरूण मॉस्कोहून यायचं, इस्त्री होऊन.
डॉक्टर लामारा चिठ्ठीवर लिहायच्या:
सकाळी तीन पेले, चालत चालत. भांडू नका.
मी सतरा वर्षांची. चादरी धुवायचे.

मग देशच मोडला.
वीज गेली, पगार गेला,
रोपवेचा डबा दरीवर मधोमध थांबला
तो अकरा वर्षं.
समुद्राकडून पळून आलेली कुटुंबं
त्या तीनशे खाटांवर राहिली, बाल्कनीत कोंबड्या.
त्यांनी फरशीच्या फळ्या उचकटून जाळल्या.
आम्ही नावं ठेवली.
पुढच्या हिवाळ्यात आमच्याही जाळल्या.
खाट क्रमांक दोनशे चौदावर एक मुलगी जन्मली, एतेरी.
आता तीच रोपवेची तिकिटं फाडते.

डबा नवा आहे, लाल, काचेच्या तळाचा.
पाहुण्यांना वरून माझं छप्पर दिसतं,
मला त्यांच्या बुटांचे तळवे.

माझ्याकडे नऊ खाटा. शनिवारी दहावी लागली
तर माझी देते, नि चुलीपाशी बाकावर झोपते.
तशी ऊबच असते.
काल एकानं फोनला विचारून मला विचारलं:
इथले लोक कुठे राहतात?
मी त्याला आणखी चीज वाढलं.

आरोग्यधाम पाडलं तेव्हा मी एक खाट ओढत आणली,
अठ्ठ्याऐंशी नंबरची. गाद्या कधीच गेल्या होत्या.
कुंपणाला फाटक म्हणून उभी केलीय.
रात्री उशिरा कुणी ढकललं की कुरकुरते,
झोपेत कूस बदलावी तशी.