बिनपगारी

वजनकाट्याच्या केबिनमध्ये दर गुरुवारी
संध्याकाळी सातला उटगेबाई शिकवतात.
फळा नाही. काटापावत्यांच्या कोऱ्या पाठीवर आकडे,
खिडकीतून रिंगरोडची धूळ
आणि दालमिलचा ओळखीचा, पिवळा वास.
आम्ही नऊजण, लातूर-उदगीरचे. नवांत मिळून दहा गाड्या,
त्यातली दहावी रफीकच्या मेव्हण्याची,
ती कोर्टाच्या आवारात उभी.

बाई पूर्वी पतसंस्थेत वसुलीला होत्या.
म्हणतात, मी जेवढ्या गाड्या ओढून आणल्या
त्यातल्या एकाही मालकाला माहीत नव्हतं
आपला किलोमीटर आपल्याला कितीला पडतो.
एवढं बोलून पेन्सिलीला टोक करत राहतात.

आमचे आबा सांगायचे, चाक फिरतंय तोवर चूल पेटती.
मी सतरा वर्षं चाक फिरवलं.
जाताना तूरडाळ, थेट चेन्नई.
येताना मिळेल ते : काथ्या, फरश्या,
एकदा तर सोड्याच्या रिकाम्या बाटल्या,
रात्रभर मागे किणकिणत होत्या.
आणि कितीदा तर नुसता वारा.
मोकळी ताडपत्री फडफडायची,
मला वाटायचं, असू दे, घरीच तर चाललोय.

"वाऱ्याचं भाडं कोण देतंय रे?"
बाईंनी विचारलं.

मग लिहायला लावलं.
डिझेल तेवीस. टोल पाच.
टायर म्हटल्यावर मला हसू आलं,
टायर तर आपण फुटल्यावर घेतो.
"फुटायच्या आधी झिजतंय की.
रोज थोडं थोडं विकलालास तू त्याला, फुकट."
लिहिलं : तीन रुपये तीस पैसे.
हप्ता. विमा. परमिट. आणि घसारा.
घसारा म्हणजे गाडी उभी असली तरी म्हातारी होते,
त्याचे पैसे.
हे आमच्यात कुणाला आवडलं नाही.

बेरीज एकोणचाळीस.
जीव भांड्यात पडला. बिराजदार चाळीस देत होता.

बाईंनी वही आपल्याकडे फिरवली.
"वैजनाथ, ड्रायव्हरचा पगार कुटं हाय?"
ड्रायव्हर नाही बाई, मीच चालवतो.
"म्हणूनच इचारलाव."

बाहेर काट्यावर एक गाडी चढली.
लाल आकडे धावले, थांबले.
केबिनमध्ये कुणी बोलेना.
क्लीनरला दिले, पंक्चरवाल्याला दिले,
नाक्यानाक्यावर चहापाण्याला दिले,
दर दसऱ्याला बोनटला हार घातला, पेढे वाटले.
एकच माणूस राहिला,
जो रोज सगळ्यात आधी उठायचा.

बेचाळीस रुपये. नवी बेरीज
मी पेनने तळहातावर लिहून घरी आलो.

सोमवारी बिराजदारचा फोन : कोइमतूर, चाळीस, लगेच भर.
मी नाही म्हणालो.
तो हसला. माझ्यामागे तीन गाड्या उभ्या होत्या,
पहिलीने दहा मिनिटांत माल उचलला.
अय्याज क्लीनर माझ्याकडे असा बघत होता
जसा ब्रेक न लागणाऱ्या गाडीकडे बघतात.
त्या दिवशी आम्ही स्प्रिंगपट्ट्यांना ग्रीस लावलं,
ताडपत्रीची भोकं शिवली,
भोकं संपली, तेव्हा नुसते बसलो.

बुधवारी त्रेचाळीस मिळाले, येतानाचा मालही ठरला.
सांगायला एवढंच.
पण मंगळवारची रात्र
मी चालवलेल्या कुठल्याही रात्रीपेक्षा लांब होती.

महिनाअखेर पेट्रोलपंपाच्या कडेला
उजव्या खिशातून चोवीस हजार काढले,
डाव्या खिशात ठेवले.
अय्याजला वाटलं, माझं डोकं फिरलं.
मोजून घे, मालक म्हणाला.
ड्रायव्हरने मोजले नाहीत,
बटण लावलं, काच पुसली,
आणि सहज विचारावं तसं विचारलं,
मागच्या सतरा वर्षांचं काय?

मालकाने गिअर टाकला.
औशाचा फाटा जवळ आला होता.