उरलेलं रक्त

मलावीहून तावोंगाबाई आल्या, तीन विमानं बदलून,
आणि सामान दुसऱ्याच विमानात राहिलं.
म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या डॉर्कसचा स्वेटर घातला,
बाह्या कोपरापर्यंत आखूड, आणि म्हणाल्या,
गोरोकात एवढी थंडी पडते
हे तुमच्या अहवालात कुठंच नव्हतं.

मग पडद्यावर तक्ते. दवाखाने, वर्षं, टक्के.
मी मागच्या बाकावर.
वीस वर्षं मोजणाऱ्या देशातून माणूस आलंय,
आता मोजायचं कसं ते शिकवेल, एवढंच डोक्यात.

जेवणात उकडलेली रताळी.
बाईंनी मलाच विचारलं, तुझं काम काय?
गरोदर बायांचं रक्त, म्हणालो. गरमीची तपासणी झाली
की नळीत थोडं उरतं.
त्यावरचं नाव खरवडतो, आकडा चिकटवतो,
बर्फाच्या पेटीतून पोर्ट मोर्सबीला धाडतो.
वय आणि जिल्हा, बाकी काही नाही.
सहा वर्षांत एक नाव फुटलं नाही, बाई.

हे मी जरा छाती काढूनच सांगितलं.
त्या रताळं सोलत राहिल्या. साल संपलं तरी.

म्हणाल्या, म्झुझूला मीही खरवडायचे.
ब्लेड हरवलं तेव्हा नखानं.
आमच्या नळ्या राजधानीत जायच्या,
तिथून त्यांची एक रेघ व्हायची,
आणि ती रेघ परदेशातल्या सभांना जायची.
औषध नव्हतं तेव्हा. कळून तरी काय करतील,
असं आम्ही एकमेकींना सांगायचो.
मग औषध आलं.
आलं त्या दिवशीही मी खरवडत होते.
पुढे दोन वर्षं. थांब असं कुणी म्हटलं नाही,
फॉर्म तोच होता ना.

एक बाई यायची, हिरवं फडकं बांधून,
मासे विकायची. पहिल्या खेपेला आली, दुसऱ्या, तिसऱ्या.
तिसऱ्यानंतर तिची बहीण आली, मूल घेऊन.
तीन वेळा मी तिला मोजलं.
कुठली नळी तिची, ते मला माहीत नव्हतं.
माहीत होऊ नये अशीच तर मी व्यवस्था केली होती.

रेघ बरोबर आहे, त्या म्हणाल्या.
आजही सांगते, रेघ अगदी बरोबर आहे.

दुपारी डॉर्कस उठली.
म्हणाली, मग नावं ठेवू म्हणता, पण आमच्याकडे
दिराचं, सासऱ्याचं नाव बाई घेत नाही,
आणि स्वतःचं नाव त्यांच्यासारखं असलं
तर खिडकीवर वेगळंच सांगते.
एकच बाई तीन दवाखान्यांत तीन बाया.
तुमचा उपाय घाट चढून येईल,
उतरताना पाय मोडेल.

बाईंनी वही काढली. दिवसभरात पहिल्यांदा
त्या लिहीत होत्या आणि आम्ही बोलत होतो:
दवाखान्याचं पुस्तक इथं बाईच्याच पिशवीत राहतं,
शेंगदाणे, सुटे पैसे, धुराचा वास, त्यात ते.
त्यातच खूण करून ठेवावी?
आणि पुस्तक नवऱ्यानं उघडलं तर?
यावर चहा गार होईपर्यंत कुणी बोललं नाही.
बाईंनी वहीत प्रश्नचिन्ह तेवढं काढलं,
मोठं, दोनदा गिरवलेलं.

सामान आलं ते त्यांच्या परतीच्या दिवशी.
न उघडताच परत गेलं.
डॉर्कसचा स्वेटर बाह्यांना सैल झालाय.

वरून हुकूम अजून नाही. फॉर्म तोच आहे.
पण सोमवारी, सुई टोचण्याआधी,
मी पहिल्यांदाच एकीला विचारलं,
यात काय निघतं ते तुला कळायला हवंय का?
तिनं माझ्याकडे पाहिलं, वेड्याकडे पाहावं तसं.
म्हणाली, रक्त माझं ना?
मग माझ्याआधी
कुणाला कळत होतं इतके दिवस?